ट्रेलर घेऊन अमेरिकेच्या वाळवंटात: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

ॲरिझोना, न्यू मेक्सिको, युटाचा दक्षिण भाग, नेवाडा आणि कॅलिफोर्नियाचा आग्नेय कोपरा, हा अमेरिकेचा नैर्ऋत्येकडचा वाळवंटी पट्टा. भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना लास व्हेगासला नेतो, तिथून ग्रँड कॅन्यनची धावती फेरी करतो आणि रात्री हॉटेलवर परततो. त्यात वाळवंट दिसतं ते नेमकं भर दुपारी, त्याचे रंग सगळ्यांत फिके असताना. सूर्योदयाआधीचा अर्धा तास, मावळतीनंतरचा अर्धा तास आणि चांदण्यांची रात्र, या तिथल्या खऱ्या बघायच्या वेळा. त्या वेळी तिथे असायचं तर मुक्कामही तिथेच हवा, आणि ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, त्यासाठीच घ्यायचा.

ज्यांनी आजवर कधी ट्रेलर ओढलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ट्रेलर एका जागी दोन-तीन रात्री उभा करायचा, गाडी सोडवायची आणि सगळी स्थळं नुसत्या गाडीने बघायची. रोज ट्रेलर जोडून रोज पुढे जायचं ठरवलंत तर सहल संपेपर्यंत सगळे थकलेले असतात आणि पाहिलेलं फारसं काही आठवत नाही. खालचा बहुतेक सल्ला यातूनच निघतो.

आधी गाडीची ताकद, मग ट्रेलरची निवड

लोक आधी ट्रेलर बघतात, आतला पलंग आणि ओटा आवडतो आणि मग आपली गाडी तो ओढेल का याचा विचार सुरू होतो. क्रम उलटा ठेवा. होंडा ऑडिसीसारखी मिनीव्हॅन योग्य जोडणी असेल तर ३,५०० पौंड ओढते. टोयोटा हायलँडरसारख्या तीन रांगांच्या एसयूव्ही ५,००० पौंडांपर्यंत जातात. पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर गाडीत माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर), म्हणजे तुमच्या गाडीवरच येतो आणि तोही याच हिशेबात धरायचा असतो. ६,००० पौंडांच्या ट्रेलरचा साधारण ७५० पौंड भार गाडीवर आला, त्यात चार माणसं आणि सामान मिळून ७५० पौंड झालं, की दीड हजार पौंड तिथेच भरले. कितीतरी पिकअप ट्रकसुद्धा एवढ्यावर हात टेकतात.

वाळवंटात हा हिशेब जास्त काटेकोर ठेवायचा, कारण इथे चढ लांब आहेत, हवा तापलेली असते आणि उंचीवर इंजिनाची ताकद कमी होते. साधारणपणे दर हजार फुटांमागे तीन टक्के ताकद जाते असं धरतात. म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या ७,००० फुटांवर तुमचं इंजिन पाचव्या हिश्शाने दुबळं झालेलं असतं. गाडीच्या क्षमतेच्या पाऊण हिश्शाएवढाच ट्रेलर घ्या. पहिल्या सहलीला १८ ते २२ फुटी ट्रेलर चौघांच्या कुटुंबाला पुरतो, आणि राष्ट्रीय उद्यानांतल्या जुन्या कॅम्पग्राउंडमध्येही बसतो. मोठे ट्रक थांबतात त्या पेट्रोल पंपांवर वजनकाटे असतात. थोड्या पैशांत सगळं भरून एकदा वजन करून घ्या.

पहिल्यांदा विकत घेऊ नका. भाड्याने मिळतो, आणि काही मालक ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून उभाही करून देतात. ओढायची धास्ती असेल तर एकदा तसं करून बघा. साधारण आकाराच्या ट्रेलरला वेगळा वाहन परवाना लागत नाही. गाडीत ब्रेक कंट्रोलर मात्र हवाच. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक त्यावर चालतात.

महिना कोणता

फिनिक्स, टूसॉन, डेथ व्हॅली, जोशुआ ट्री हा सखल भाग ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये बघायचा. १० जुलै १९१३ ला डेथ व्हॅलीत ५६.७ अंश सेल्सियसची नोंद झाली, ती जगातली सर्वोच्च अधिकृत नोंद मानली जाते. जूनमध्ये फिनिक्सचा पारा सहज ४३ अंशांच्या वर असतो. ट्रेलरच्या पातळ भिंतींमागे एसी रात्रंदिवस चालवूनही गारवा येत नाही.

याच पट्ट्यात उंच पठारंही आहेत. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा ७,००० फुटांवर, ब्राइस कॅन्यन ८,००० फुटांच्या पुढे. जानेवारीत तिथे बर्फ असतो आणि ट्रेलरचे पाण्याचे पाइप गोठून फुटतात. दोन्ही एकाच सहलीत बघायचं तर ऑक्टोबर उत्तम. वसंत ऋतू दिसायला सुंदर, पण मार्च ते मे वारा फार. १५ जून ते ३० सप्टेंबर हा ॲरिझोनाचा मान्सून. हो, तिथेही हाच शब्द वापरतात. आपल्यासारखी झड लागत नाही. संध्याकाळी एखादं वादळ येतं, तासाभरात कोसळतं आणि कोरडे नाले भरून वाहतात. पाऊस दहा-वीस मैलांवर पडतो आणि लोंढा तुमच्यापर्यंत येतो. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲन्टिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात ११ पर्यटक गेले. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. बॅरिकेड ओलांडून पाण्यात अडकलात तर ॲरिझोनाच्या कायद्याने सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

रिकाम्या पार्किंगमध्ये एक सकाळ

निघायच्या आधी रविवारी सकाळी एखाद्या शाळेचं किंवा मॉलचं रिकामं पार्किंग गाठा आणि दोन-तीन तास सराव करा. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवा. थोडं फिरवा, थांबा, बघा, मग पुढे. जोडीदाराने बाहेर उभं राहून दिशा सांगायची, आणि चालकाला आरशात तो दिसलाच पाहिजे. दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम आधीच ठरवून घ्या. कॅम्पग्राउंडवर अंधार पडत असताना नवरा-बायकोची सगळ्यांत मोठी भांडणं याच ठिकाणी होतात.

जोडताना क्रम एकच ठेवा आणि तो कागदावर लिहून दाराला चिकटवा. कपलर (ट्रेलरचं पुढचं टोक) हिचच्या बॉलवर बसला, खिटी लागली, दोन्ही साखळ्या खालून एकमेकींना ओलांडून अडकवल्या, ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी) गाडीला जोडली, दिव्यांची वायर लावली, मागे जाऊन दिवे तपासले. सोडवताना सगळ्यात आधी चाकांना अडण्या, मग बाकी सगळं. हे चुकलं तर ट्रेलर उतारावरून स्वतःच निघून जातो.

टायरकडे विशेष लक्ष द्या. ट्रेलरचे टायर वेगळ्या जातीचे असतात आणि त्यातल्या अनेकांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. रस्त्यावर ७५ची पाटी असली तरी तुम्ही ६० ते ६५ वरच राहा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना कायद्यानेच ५५ची मर्यादा आहे. टायर थंड असताना सकाळी हवा तपासा. भाड्याच्या ट्रेलरच्या टायरवर चार आकडी खूण असते, शेवटचे दोन आकडे म्हणजे तयार झाल्याचं वर्ष. पाच-सहा वर्षांहून जुने असतील तर दुसरा ट्रेलर मागा, कारण तापलेल्या डांबरावर जुने टायर फाटतात.

पाणी, टाक्या आणि स्वयंपाक

बहुतेक ट्रेलरमध्ये ३० ते ४० गॅलन पाण्याची टाकी असते. गॅलनमागे ८.३ पौंड वजन, म्हणजे भरलेली टाकी तीनशे पौंडांच्या आसपास. जिथे नळजोड आहे तिथे जाताना ती जवळजवळ रिकामी ठेवा, नळ नसलेल्या ठिकाणी जाताना शेवटच्या गावात भरून घ्या. पिण्यासाठी माणशी रोज एक गॅलन वेगळं, गाडीत, ट्रेलरमध्ये नाही. दिवसभर तुम्ही गाडीबरोबर असणार.

शौचालयाचं पाणी ब्लॅक टँकमध्ये, ओट्याचं आणि आंघोळीचं ग्रे टँकमध्ये जातं. डम्प स्टेशनवर, म्हणजे या टाक्या रिकाम्या करायच्या जागी, हातमोजे घालून आधी ब्लॅक सोडायची आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. मुक्कामी सांडपाण्याचा जोड मिळाला तरी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं आणि घट्ट मैला तळाशी साचतो. टाकी निदान दोन तृतीयांश भरल्यावरच सोडा.

वीजजोड साधारण ३० अँपिअरचा. त्यावर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले तर ब्रेकर पडतो. जोडाच्या खांबावर आधी सर्ज प्रोटेक्टर लावा, जुन्या कॅम्पग्राउंडची वायरिंग नेहमीच धड नसते.

स्वयंपाकाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या घरी सगळ्यात आधी हाच प्रश्न निघतो. ७,००० फुटांवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. छोटा प्रेशर कुकर न्याच. फोडणी ट्रेलरच्या आत देऊ नका. जागा इतकी लहान की मिरचीचा खकाणा दिवसभर जात नाही आणि धुराचा अलार्म ओरडतो. बाहेरच्या टेबलावर छोटी गॅसशेगडी मांडा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भडंग, कोरडी चटणी यांना फ्रिज लागत नाही आणि धुवायला भांडीही कमी निघतात. ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, पाणी निम्म्याने वाचतं. वाणसामान फिनिक्सजवळच्या चँडलर किंवा टेम्पी भागात भरून घ्या, पुढे भारतीय दुकान सहज सापडत नाही. रात्री दहानंतर कॅम्पग्राउंडवर शांततेची वेळ असते, कुकरच्या शिट्ट्या त्याआधीच संपवा.

मंडप, म्हणजे ट्रेलरची ऑनिंग, बाहेर जाताना आणि झोपताना गुंडाळून ठेवा. वाळवंटात हवा स्थिर असते आणि पाच मिनिटांत वारा उठतो. बूट बाहेर ठेवले असतील तर सकाळी झटकून घाला, विंचू असतात.

रस्त्यावर

रोज तीनशे मैलांहून जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि एका जागी तीन रात्री. ट्रेलरवाल्यांमध्ये हा तीन-तीन-तीनचा नियम प्रचलित आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मी म्हणेन दोनशेच मैल धरा. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरा. युटामध्ये आय-७० वर ग्रीन रिव्हर सोडल्यावर सलायनापर्यंत शंभराहून अधिक मैल एकही पंप नाही, आणि ट्रेलर जोडला की मायलेज जवळजवळ निम्म्यावर येतं.

धुळीचं वादळ समोर दिसलं तर शक्यतो आधीच्याच फाट्याने बाहेर पडा. सापडलातच तर रस्त्यापासून जेवढं दूर जाता येईल तेवढं जाऊन थांबा, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागचा चालक तेच रस्ता समजून तुमच्यावर येतो. न्यू मेक्सिकोत आय-१० वर लॉर्ड्सबर्गजवळचा कोरड्या तळ्याचा भाग यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे इशाऱ्याच्या पाट्याच आहेत.

फोनमधला नकाशा ट्रेलरची लांबी-रुंदी जाणत नाही. युटातला मोकी डगवे हा वळणावळणांचा, १० टक्के उताराचा कच्चा घाट तो बिनदिक्कत दाखवतो. ट्रेलर घेऊन तिकडे जायचं नाही. झायनचा बोगदा १९३०चा, अरुंद आणि कमानीचा. ७ फूट १० इंचांहून रुंद वाहन त्यात दोन्ही बाजूंची रहदारी चालू असताना मावत नाही, आणि बहुतेक ट्रेलर आठ फूट रुंद असतात. तेव्हा झायनला पूर्वेकडून ट्रेलरसह जाण्याचा बेत करू नका, हरिकेन गावाकडून वळसा घ्या. मॉन्युमेंट व्हॅलीतला १७ मैलांचा कच्चा फेरा गाडीने किंवा स्थानिक नावाहो वाटाड्याबरोबर करायचा. नावाहो भूमीत दारूला बंदी आहे, राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथल्या पार्कांत चालत नाही, आणि उन्हाळ्यात तिथलं घड्याळ बाकी ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं. होपी गावांत फोटो काढायचे नाहीत. ती माणसांची राहती घरं आहेत.

पास आणि कागदपत्रं

राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला मिळतो. १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्यांसाठी तो २५० डॉलर झाला आहे, आणि पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस कॅन्यन अशा ११ उद्यानांत १६ वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला १०० डॉलर जादा पडतात. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर हा हिशेब आधीच मांडा.

मेक्सिको सीमेजवळच्या महामार्गांवर, सीमा ओलांडली नसली तरी, बॉर्डर पट्रोलची (सीमेवरच्या गस्ती दलाची) तपासणी नाकी लागतात. १८ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक परदेशी नागरिकाने आपली नोंदणी दाखवणारा कागद, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद), जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. एच-१बी वाल्यांनी पासपोर्ट, आय-९४ आणि मंजुरीचा कागद गाडीत हाताशी ठेवावा, ट्रेलरच्या कपाटात नाही.

पहिल्या सहलीसाठी एक मार्ग

पंधरा दिवस असतील तर फिनिक्सहून निघून फिनिक्सला परतणारा हा फेरा मला सगळ्यांत आवडतो. चढ बेताचे, रस्ते रुंद, आणि गर्दी शेवटच्या टप्प्यापर्यंत कमी.

सुरुवात अपाचे जंक्शनच्या लॉस्ट डचमन स्टेट पार्कने करा. शहरापासून जवळ आहे, काही विसरलं तर आणता येतं, आणि सुपरस्टिशन डोंगराची भिंत संध्याकाळी लाल होते. तिथून टूसॉनच्या कॅटलिना स्टेट पार्कमध्ये तीन रात्री. सग्वारो राष्ट्रीय उद्यान शहराच्या दोन्ही बाजूंना विभागलेलं आहे, पश्चिमेकडचा भाग सूर्यास्ताला बघा. सग्वारो निवडुंगाला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, आणि दीडशेहून अधिक वर्षं तो जगतो. समोरचं झाड आपल्या पणजोबांच्या काळातलं असतं हे मुलांना जरूर सांगा. चोया निवडुंगापासून मुलांना लांब ठेवा. नुसता स्पर्श झाला की अख्खा तुकडा कातडीत रुततो, बोटांनी ओढू नका, दात विरळ असलेल्या कंगव्याने उडवा.

पुढे बेन्सनजवळ कार्टश्नर गुहा. १९७४ मध्ये दोन तरुणांना ती सापडली, आणि नासधूस होऊ नये म्हणून १९८८ पर्यंत तिचा बोभाटा होऊ दिला नाही. गुहा अजून जिवंत आहे, थेंबाथेंबाने वाढते आहे. आत फोन, कॅमेरा, पिशवी काही नेता येत नाही, आरक्षण आधी करावं लागतं.

मग लांबचा पल्ला, लास क्रूसेसपर्यंत. दुसऱ्या दिवशी सॅन ऑगस्टीन खिंड ओलांडून अलामोगोर्डो. जवळच्या व्हाइट सँड्स या पांढऱ्या वाळूच्या राष्ट्रीय उद्यानात ट्रेलरला मुक्काम नाही, म्हणून गावात उभा करा. ही वाळू जिप्समची. भोवतालच्या डोंगरांतून विरघळून येणाऱ्या जिप्समला समुद्राकडे नेणारी नदीच इथे नाही, म्हणून ते खोऱ्यातच साठत गेलं. ऊन डोक्यावर असतानाही पायाखाली गार लागतं, आणि त्यामुळेच लोक फसतात. खुणा सोडून टेकड्यांत शिरू नका आणि निम्मं पाणी संपलं की मागे फिरा. शेजारी क्षेपणास्त्र चाचणीचा तळ आहे, चाचणीच्या वेळी रस्ता काही तास बंद असतो. आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर बघा.

कॅरिझोझोजवळच्या व्हॅली ऑफ फायर्समध्ये काळ्या लाव्ह्याच्या काठाला एक रात्र काढा, वीजजोडही आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट ज्यांनी पायाखाली घातलाय त्यांना इथे वेगळाच आनंद होतो. हा लाव्हा काही हजार वर्षांपूर्वीचाच आहे, त्याच्या दोऱ्या आणि बुडबुडे अजून ताजे दिसतात.

सोकोरोच्या पश्चिमेला ५० मैलांवर व्हेरी लार्ज ॲरे ही रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या २७ डिश इंग्रजी वाय आकारात रुळांवर उभ्या आहेत. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ४५ मीटरच्या ३० डिश घेऊन याच आकारात पसरली आहे, फक्त अधिक लांब लहरी ऐकते. पुण्याकडच्या मुलांनी दोन्ही बघावीत. फोन इथेही बंद ठेवायचा.

हायवे ६० ने स्प्रिंगरव्हिल, मग सेंट जॉन्सवरून पेट्रिफाइड फॉरेस्टच्या दक्षिण दारात. उद्यानातला २८ मैलांचा रस्ता ट्रेलरसह पार करून आय-४० ला निघता येतं. मुक्काम होलब्रूकला. दगड झालेल्या लाकडाचा कपटाही उचलू नका, गुन्हा आहे. पुढे मीटिअर क्रेटर: सुमारे ५०,००० वर्षं जुनं, १.२ किलोमीटर रुंद विवर. आपलं लोणार याहून मोठं, १.८ किलोमीटरचं, पण तिथे पाणी आणि झाडी आहे. इथे उघडी कड बघितली की आघाताने खडकाचे थर कसे उलटे वळले ते समजतं. जागा खाजगी मालकीची आहे, पास चालत नाही.

शेवटी ग्रँड कॅन्यन. ट्रेलर ३० फुटांच्या आत असेल तर मॅथर कॅम्पग्राउंड घ्या. झाडी दाट, कडा चालत जाण्यासारखा, पण वीज-पाण्याचा जोड नाही. जोड हवा तर शेजारचं ट्रेलर व्हिलेज. मॅथरचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी बसून करा. ऑक्टोबरमध्ये रात्री शून्याखाली जातं, नळी लावली असेल तर झोपण्यापूर्वी काढून रिकामी करा.

परतताना आय-१७ चा उतार लांब आणि तीव्र आहे, विशेषतः कॅम्प व्हर्डेच्या आधी. उतार सुरू व्हायच्या आतच खालच्या गिअरमध्ये जा. ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून सोडायचा, सतत पाय ठेवला की तो तापून निकामी होतो. ग्रँड कॅन्यन सोडण्यापूर्वी तिथल्या डम्प स्टेशनवर दोन्ही टाक्या रिकाम्या करून घ्या. उतारावर तेवढं वजन कमी होतं, आणि टाक्या भरलेल्या परत दिल्या तर बहुतेक भाडेवाले त्याचे वेगळे पैसे लावतात.